रंग तुमचा, दगड माहा

केशवराव डाखोरे नव्या माणसाला नाव विचारत नसत. ते विचारत, "नदीच्या कोन्त्या आंगचे?" नदी म्हणजे वर्धा नदी, आणि आंग म्हणजे काठ. अलीकडचा काठ एके काळी नागपूरकर भोसल्यांचा होता, पलीकडचा निजामाच्या वऱ्हाडाचा. ही सरहद्द कागदावरून केव्हाच पुसली गेली होती. दोन्ही काठ एका राज्यात आले होते, दोन्हींवरून एकच रेल्वे धावत होती आणि पुलगावच्या गिरणीत दोन्हींकडची माणसे एकाच पाळीत काम करत होती. केशवरावांच्या मते यांतली एकही गोष्ट सरहद्द नाहीशी झाल्याचा पुरावा नव्हती. माझे आजोळ धामणगावच्या बाजूचे, म्हणजे पलीकडचे. आमचे आणि त्यांचे घर एका भिंतीने जोडलेले असूनही तेवढ्या आधारावर मी त्यांच्या लेखी कायमची "पलीकडची पोट्टी" होते.

ते भूमापन खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार होते. उंच, वाळके, खांद्यात किंचित झुकलेले. साखळी ओढून ओढून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. सगळी उमर त्यांनी इतरांच्या शेतांच्या हद्दी ठरवण्यात घालवली होती आणि त्या कामाने त्यांचा स्वभाव पक्का केला होता. भावाभावांच्या वाटणीत दोघांपैकी एक जण जरी खूश दिसला तरी ते मोजणी पुन्हा करत. "दोघंई शिव्या देऊन राह्यले म्हंजे मोजनी बरोबर," असे ते सांगत, आणि त्यांना शिव्या देणारी माणसे तालुक्यात भरपूर असल्यामुळे आपली सगळी मोजणी बरोबर होती याबद्दल त्यांना शंका नव्हती. चूक हा शब्द ते फक्त दुसऱ्याच्या संदर्भात वापरत. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणत असू, एकदा भाजीत मीठ जास्त पडल्याचे कबूल करून म्हणाल्या, "एका घरात एकानं तं चुकलं पायजे न."

आणीबाणी उठली त्या सुमारास नदीकडे जाणारा रस्ता रुंद होऊ लागला. कडेला एक उभा दगड होता. वर सूर्य-चंद्र कोरलेले, खाली दोन झिजलेल्या ओळी. ठेकेदाराची माणसे त्याची गिट्टी करण्याच्या बेतात असताना केशवराव तिथे पोहोचले आणि दगडावर बसले. दुपार झाली, घरून भाकरी आली, ती त्यांनी दगडावर बसूनच खाल्ली. शेवटी ठेकेदार स्वतः आला आणि हात जोडून म्हणाला, "काऊन बसले बाबाजी? सरकारी काम हाय."

"फोड," केशवराव म्हणाले, "पन मंग तुहा रस्ता कोन्त्या राज्यात सुरू होते अन् कोन्त्या राज्यात संपते, हे तुले कोन सांगन?"

ठेकेदाराला हे कोणी सांगण्याची गरज कधीच पडणार नव्हती. तरी संध्याकाळी त्याने आपल्याच मजुरांकरवी दगड बैलबंडीत चढवून दिला. माणूस उठावा एवढाच त्याचा हेतू होता. तो दगड गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जकात नाक्यात ठेवला गेला. कवेलूंचे छप्पर, एक दार, दोन खिडक्या. ग्रामपंचायतीने ती खोली वापरायला दिली, कारण तिचा दुसरा उपयोग कोणाला सुचला नव्हता. बैलबंड्यांवर नावे रंगवणाऱ्या माणसाने पत्र्यावर लिहून दिले: सरहद्द संग्रहालय.

पुढे तिथे इतर वस्तूही आल्या. धान्य मोजायची अलीकडची पायली आणि पलीकडची पायली, एकमेकींत बसणार नाहीत अशा; नावाड्याची पितळी घंटा; नाक्यावरच्या शिपायाचा पट्टा, ज्यात शिपाई उरला नव्हता आणि चामडेही अर्धेच उरले होते. नागपूरहून एक अधिकारी पाहायला आले. त्यांनी विचारले की राजाची तलवार वगैरे काही नाही का. केशवरावांनी त्यांना दोन्ही पायल्या दाखवल्या आणि सांगितले की इथे राजा कधी आलाच नाही, इथे फक्त त्याची हद्द आली. अधिकाऱ्यांनी चहा घेतला नाही.

पण संग्रहालयाचा प्राण दगडांत होता, आणि दगड मिळवणे अवघड होते. नदी पात्र बदलते, म्हणून जुन्या राजवटींनी काठापासून दूर, उंचावर, साक्षीला दगड रोवले होते. ते जागेवरच होते. फक्त आता ते दगड नव्हते. शिवेवर उभा असलेला दगड पाहून कोणीतरी त्याला शेंदूर फासला, पुढच्या पिढीने नारळ फोडला, आणि काही पिढ्यांत सरहद्द विसरली गेली व शिवेचा देव तेवढा उरला. तेल-शेंदराच्या थरांवर थर चढून त्यांचे बोटभर जाडीचे कवच झाले होते. अक्षरे आत होती.

केशवरावांनी यावर जी पद्धत काढली ती मोजणीदारालाच सुचू शकली असती. ते गावात जात. ज्यांची शेते त्यांनी मोजली होती त्यांच्या ओसरीवर बसत आणि सांगत की देवाचे कवच फार जड झाले आहे. ते उतरवून नवा दगड बसवावा, जुना नाक्यात ठेवावा. पाथरवटाकडून नवा दगड ते स्वतःच्या पेन्शनीतून घडवून आणत. गावातली सर्वांत वयस्क बाई त्याला पहिला शेंदूर लावी. खोटे ते काही बोलत नसत. "तुमाले देव पायजे, मले दगड पायजे," असे स्वच्छ सांगत, आणि शिव्या खाऊन खाऊन मिळवलेल्या विश्वासावर लोक ऐकत.

पहिल्याच गावात एका म्हातारीने मात्र अडवले. ती म्हणाली, "दगड घेऊन जाजो बाबा. पन त्याच्यावरचा रंग? माह्या सासूचा हात हाय त्यात, तिच्या सासूचा हाय. तो बी नेतं काय?"

केशवरावांनी दगडावर वीत टाकून पाहिली. हक्काचा प्रश्न आला की ते आधी माप घेत. मग म्हणाले, "नाई माय. रंग तुमचा, दगड माहा."

हा निवाडा त्यांना इतका आवडला की पुढे प्रत्येक गावी तोच लागू झाला. दगड नाक्यात आला की ते कवच खरवडून काढत, कुटून पूड करत, काकूंकडून लहान लहान पुड्या बांधून घेत आणि घरोघर परत पोहोचवत. पुड्या आधी देवघरात ठेवल्या गेल्या. मग लेकरू आजारी पडले की त्यातली चिमूट कपाळाला लागू लागली, आणि मग अंगाऱ्याप्रमाणे जिभेवर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांचा शेंदूर, तेव्हा त्याचा गुण मोठा, असे बोलले जाई. केशवरावांच्या हे कानावर होते. त्यांची श्रद्धा नव्हती आणि हरकतही नव्हती. चुना खातो, तंबाखू खातो, त्यात आणखी एक, असे ते म्हणत.

कामाची रीत मी जवळून पाहिली आहे. वर्ध्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना मी सुट्टीत नाक्यावर जाई, कारण गावात वाचण्यासारखे दुसरे काही नव्हते आणि दगडांवर निदान चार अक्षरे तरी होती. ते स्टोव्हची ज्योत कवचावर धरून ते मऊ करत, मग चांभाराच्या रापीने खरवडत. अक्षराची कड दिसू लागली की अंगठा जिभेवर ओला करून तिथे फिरवत, पुन्हा जिभेवर, पुन्हा दगडावर. दार आणि दोन्ही खिडक्या बंद. उकाडा असह्य होई. एकदा मी खिडकी उघडली तर ते ओरडले नाहीत, फक्त उठून त्यांनी ती लावली आणि म्हणाले, "लोकाईचा रंग हाय. वाऱ्यानं नेला तं म्या काय वापस करू?"

मी पुढे पुष्कळ विचार केला आहे की हा माणूस थोडा कमी प्रामाणिक असता तर काय झाले असते. खिडकी उघडी राहिली असती.

आजार असा कोणाच्या लक्षात आला नाही. पोटात कळ येई, ती ते पाठीवर झोपून जिरवत. चेहरा फिकट झाला. उन्हात न गेल्याने असेल, असे काकू म्हणाल्या. चिडचीड वाढली, पण ती मोजायला आधीची पातळी कमी असायला हवी होती. मग एका सकाळी चहाची कपबशी हातातून सुटली. उजवे मनगट खाली लोंबू लागले. बोटे मिटत, पण पंजा वर उचलला जात नव्हता. साखळी धरणारा हात टांगलेल्या फडक्यासारखा दिसू लागला.

गावाला कारण शोधावे लागले नाही. देव सोलला, हात गेला. पानठेल्यावर, विहिरीवर, शाळेच्या फाटकाशी हे एकच वाक्य होते, आणि कार्यकारणभावाची रचना म्हणून त्यात दोष काढता येण्यासारखे काही नव्हते.

मी तेव्हा नागपूरला एम.एस्सी. करत होते. दिवाळीत आले तेव्हा काकूंनी मला भिंतीपलीकडून हाक मारली. मी हात पाहिला आणि मग केशवरावांना तोंड उघडायला सांगितले. हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ होती. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, हे मला परीक्षेसाठी पाठ होते. तो एका ओळखीच्या माणसाच्या हिरडीत दिसेल असे कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी निदान पक्के केले आणि काम तात्काळ थांबवायला सांगितले. हात थोडा सुधारेल, कदाचित. पूर्ववत होईल असे ते म्हणाले नाहीत.

केशवरावांना डॉक्टर पटले नाहीत. त्यांना पुरावा हवा होता, आणि ही त्यांची मागणी मला रास्त वाटली. मी प्रयोगशाळेतून थोडे नत्राम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड मागून आणले. त्यांच्या ओसरीवर, काचेच्या पेल्यात, त्यांच्याच पुडीतली चिमूट विरल आम्लात टाकली, निवळ वेगळी केली आणि त्यात आयोडाइडचे थेंब सोडले. पेल्यात लखलखीत पिवळा साका उतरला. हे शिसे, मी म्हटले.

ते पिवळ्याकडे पाहत राहिले. हाताबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. म्हणाले, "अन् लेकराईनं खाल्लं तं?"

मी सांगितले की लहान शरीराला कमी मात्रा पुरते. पोट दुखते, रक्त कमी होते, आकडी येते. मग मी थांबले, कारण पुढचे त्यांनीच जुळवले होते. पोट दुखते म्हणून पुडी, आणि पुडीमुळे पोट दुखते. ते गावांची नावे घेऊ लागले, पुटपुटत, एकामागून एक, जिथे जिथे रंग परत केला होता ती सगळी.

दुसऱ्या दिवशीच आम्ही गावोगाव निघालो. बैलबंडीत ते, काकू, मी आणि माझ्या बाटल्या. मी पारावर बायांना जमवून प्रयोग करून दाखवी. सगळे जण लक्षपूर्वक पाहत. पहिल्या गावात पिवळा रंग उतरताच एका बाईने पदर डोक्यावर घेऊन पेल्याला हात जोडले. "शेंदराची हळद झाली व माय," ती म्हणाली. मागून दुसरी म्हणाली, "खंडोबाचा भंडाराच दिसून राह्यला." मी शिसे, विष, रक्त असे सर्व शब्द वापरले. त्यांनी ते ऐकून घेतले, मला पोहे खाऊ घातले, आणि परतताना एकीने हळूच विचारले की ते पिवळे पाणी थोडे घरी नेता येईल काय. प्रयोग यशस्वी झाला होता, एवढीच अडचण होती. दुसऱ्या गावात तर आमच्या आधी बातमी पोहोचली, आणि ज्यांच्याकडे पुड्या नव्हत्या ते केशवरावांकडे त्या मागू लागले.

त्याच थंडीत काठावरच्या एका खेड्यात, ज्याचे नाव मी इथे लिहीत नाही, एक लहान मुलगी आकडीने गेली. घरात पुडी होती. मुलगी अशक्त होती, तापही होता. मृत्यूचे कारण कोणी तपासले नाही, आणि शिशानेच ती गेली असे मी शास्त्राला धरून म्हणू शकत नाही. मी केशवरावांना तेच सांगितले. त्यांनी ऐकले. पुढचे काही दिवस ते नाक्यात जाऊन बसत, दगडांच्या मध्ये, काही न करता. खिडक्या आता उघड्या होत्या.

मग त्यांनी मला बोलावले. त्यांचे ठरले होते. ते म्हणाले, "तुह्या शिशाले कोनी भेत नाई, पोरी. देवाले भेतेत."

गाव जे बोलते आहे ते खरे म्हणायचे, असा त्यांचा बेत होता. देव कोपला, त्यानेच हात नेला. अंगावरचा उतरवलेला रंग घरात ठेवणे त्याला मंजूर नाही. सगळ्या पुड्या परत आणा, दगड आपापल्या शिवेवर परत जातील. मी विरोध केला. मला त्याची लाज वाटत नाही, कारण माझे मुद्दे बरोबर होते. हे खोटे आहे, म्हटले. संग्रहालय संपेल. अक्षरे पुन्हा शेंदराखाली जातील आणि यापुढे कोणतेही गाव कधीही दगडाला हात लावू देणार नाही. आणि तुमच्या हाताचे खरे कारण कायमचे गाडले जाईल.

"काकाजी, तुम्ही आयुष्यभर खरी हद्द दाखवली लोकांना," मी म्हणाले.

"हद्द कागदात नसते," ते म्हणाले. "मानूस कागद पाहून थांबत नाई. ज्याले भेते तिथं थांबते. तिथंच हद्द असते."

कोतवालाने गावोगाव दवंडी दिली. दुसऱ्या सकाळपासून नाक्यापुढे माणसे येऊ लागली. केशवराव दारात खुर्ची टाकून बसले होते, उजवा हात मांडीवर उताणा, सगळ्यांना दिसेल असा. बाया पुडी त्यांच्या पायाशी ठेवत, आत पाहून दगडांना नमस्कार करत आणि त्यांच्याकडे न पाहता निघून जात. काहींनी पुडी उलगडून तिच्यातला खडा न् खडा आहे हे दाखवले. काहींच्या पुड्या अर्ध्या होत्या, आणि त्या ठेवल्या गेल्या की काकू तोंड फिरवत. मेलेल्या मुलीची आईही आली. तिने पुडी ठेवली नाही, भिरकावली. म्हणाली, "देव सोलला तुमी. तुमचा हात गेला, माही पोट्टी काऊन नेली त्यानं? तिनं काय केलतं?"

काकू पुढे झाल्या. केशवरावांनी त्यांना डाव्या हाताने मागे सारले.

"चुकलं माहं, माय," ते म्हणाले.

ती बाई बराच वेळ उभी राहिली. तिला जाता येत नव्हते. शेवटी दुसऱ्या बायांनी तिला नेले.

रिवाजाप्रमाणे उतरलेले कवच नदीत सोडतात. मी त्याला ठाम नकार दिला. नदीचे पाणी सगळा काठ पीत होता. केशवरावांनी लोकांना सांगितले की देवाला या खेपेला माती हवी आहे. नदीपासून आणि विहिरींपासून दूर, पडीक बरड्यावर पुरुषभर खोल खड्डा खणून सगळ्या पुड्या पुरल्या. दवंडीनंतरच्या त्यांच्या वाक्यांपैकी एकावरही लोकांनी शंका घेतली नाही, हे मी नोंदवून ठेवते.

दगड बंड्यांतून परत गेले, नव्या दगडांच्या जागी. प्रत्येक दगड चढवताना त्यांनी अक्षरांवरून डाव्या हाताचा अंगठा एकदा फिरवला, कोरडा. ग्रामपंचायतीने नाक्यात खताची पोती ठेवली. पायल्या आणि घंटा काकूंनी माळ्यावर टाकल्या. पत्रा काही दिवस तसाच होता. मग कोणाच्या तरी गोठ्याला लागला.

ऐंशीचे दशक अर्धे सरत आले होते तेव्हा मी संशोधनासाठी गाव सोडले. वर्ध्याला जाणारी एस.टी. एका खेड्याच्या शिवेजवळ गरम होऊन थांबली आणि ड्रायव्हर पाण्यासाठी गेला. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली परत गेलेल्या दगडांपैकी एक होता. त्यावर आता एकही रेघ दिसत नव्हती, ताजा शेंदूर ओघळत होता. बाजूच्या दगडी कट्ट्यावर केशवराव बसले होते. त्या भागात ते काय करत होते हे मला कळले नाही. पाय नेतील तिकडे ते हल्ली जातात, असे काकू म्हणाल्या होत्या.

एक बाई दोन-तीन वर्षांच्या मुलाला घेऊन नमस्काराला आली. मुलाने ओल्या शेंदराकडे बोट नेले, तसे तिने त्याला मागे ओढले. "नाई, नाई. ते बाबाजी पाह्य," ती त्याला हलक्या आवाजात म्हणाली, पण खिडकीपर्यंत मला ते ऐकू आले. "त्याहिनं हात लावलता."

मुलाने वळून पाहिले. केशवरावांनी डाव्या हाताने उजवे मनगट धरले, मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतके वर उचलले आणि सोडून दिले. पंजा खाली पडला. मुलाने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तो आईच्या लुगड्याआड सरकला.

गाडी सुरू झाली. मूल अजून लुगड्याआडून पाहत होते, म्हणून केशवरावांनी तो हात पुन्हा उचलला.